पासपोर्ट जपानचा, पासिंग एमएच-१५चं : परदेशी जावयाच्या गाडीकर्जाचं प्रकरण

बँकेच्या कर्ज विभागात माझी बरीच वर्षं गेली. निवृत्तीनंतर ओळखीतली मंडळी कर्जाच्या फाइली घेऊन घरी येतात. बहुतेक प्रकरणं तासाभरात सुटतात. हे एक चार महिने चाललं. ज्यांचं आहे त्यांची परवानगी घेऊन लिहितो आहे. नावं, बँका, शोरूम, कंपनी यांतलं काही सांगत नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. आकडे गोळाबेरजेचे केले असले तरी प्रमाण तेच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

माझे मित्र नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले. त्यांची लेक पुण्यात जपानी शिकली, दुभाषी म्हणून नागोयाला गेली आणि २०२१ साली तिथल्याच एका अभियंत्याशी तिचं लग्न झालं. जुलै २०२३मध्ये जावयांना सिन्नरच्या मुसळगाव औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तीन वर्षांच्या करारावर काम मिळालं आणि दोघं छोट्या मुलाला घेऊन नाशिकला आली. पाथर्डी फाट्याला भाड्याचा फ्लॅट घेतला. घरात सगळे त्यांना ‘जावईबापू’ म्हणतात, इथेही तेच म्हणतो.

जावईबापूंचा पगार हातात एक लाख साठ हजारांच्या आसपास. लेक घरूनच भाषांतराचं काम करते, तिची महिन्याची कमाई सरासरी सत्तर हजार. सुरुवातीला कंपनीची गाडी चालकासह दाराशी यायची. प्रकल्पाचा तो टप्पा संपला आणि ३१ डिसेंबर २०२४पासून ही सोय बंद होणार असल्याचं पत्र आलं. सिन्नरला बस जाते, पण रात्री उशिरा सुटणाऱ्या माणसाला पाथर्डी फाट्यापर्यंत परत आणणारं काही मिळत नाही. त्यात सासूबाईंचे गुडघे. गाडी हवीच होती.

१२ ऑक्टोबर २०२४ला, दसऱ्याच्या दिवशी, सगळं कुटुंब शोरूममध्ये गेलं आणि अकरा हजार भरून गाडी बुक केली. चार मीटरच्या आतली, ११९७ सीसीची पेट्रोल गाडी. सेल्समन म्हणाला, “सरांचा पगार बघता लोन दोन दिवसांत होईल.” जावईबापूंनी फक्त एक प्रश्न विचारला: गाडी लावायला जागा असल्याचा दाखला कुठे द्यायचा? जपानमध्ये बहुतेक ठिकाणी घरापासून दोन किलोमीटरच्या आत पार्किंगची जागा असल्याचं पोलिसांचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणी होत नाही. सेल्समनने सांगितलं, इथे तसलं काही लागत नाही. जावईबापूंना वाटलं, मग इथे गाडी घेणं सोपंच असणार.

अडचण

दिवाळी उलटली तरी कर्ज झालं नव्हतं. नोव्हेंबरच्या शेवटी माझे मित्र फाइल घेऊन आले, तोवर तीन ठिकाणांहून नकार आले होते. एकाही नकाराचं कारण लेखी नव्हतं. तोंडी काय ते सांगितलेलं: “फॉरेन नॅशनल आहेत, पॉलिसीत बसत नाही.”

मी आधी सिबिलचा, म्हणजे कर्जाच्या इतिहासाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, अहवाल मागवायला लावला. स्कोअरच्या जागी उणे एक होतं. म्हणजे स्कोअर वाईट नाही, मुळात कर्जाचा इतिहासच नाही. जपानमध्ये त्यांनी दोन गाड्यांचे हप्ते आणि एक क्रेडिट कार्ड वर्षानुवर्षं चोख सांभाळलं होतं, पण तो इतिहास देशाची हद्द ओलांडत नाही. अहवालात दुसरी गोष्ट दिसली ती जास्त त्रासदायक होती. पंधरा दिवसांत कर्ज देणाऱ्यांनी केलेल्या चार चौकश्या. सेल्समनने एकाच सहीवर फाइल चार ठिकाणी फिरवली होती. इतिहास नसलेल्या माणसाच्या अहवालात नुसत्या चौकश्याच दिसल्या, तर पुढच्या बँकेचा अधिकारी आधी दचकतो. मी त्या खुर्चीत बसलो आहे, म्हणून सांगतो. मित्राला त्याच दिवशी शोरूमला फोन करायला लावला: आमच्या परवानगीशिवाय फाइल कुठेही पाठवायची नाही.

मग मी फाइलमधले कागद टेबलावर एका ओळीत मांडले आणि प्रत्येकावरची शेवटची तारीख वहीत उतरवली. नोकरीचा करार ३० जून २०२६पर्यंत. व्हिसा त्याआधीच संपणारा, दरवर्षी वाढवून घ्यावा लागणारा. निवासाचा परवाना व्हिसाइतकाच. आधार कार्ड त्यांनी काढलं होतं (मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसाला ते मिळतं), पण परदेशी नागरिकाच्या आधारची मुदतही व्हिसाबरोबरच संपते. आणि आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट एका वर्षाचं, ते जुलै २०२४मध्येच संपलेलं.

ही यादी पाहिल्यावर नकारांचा अर्थ लागला. गाडीचं कर्ज साधारण पाच ते सात वर्षांचं असतं आणि इथे कर्जदाराचा एकही कागद दोन वर्षांपुढे जात नव्हता. बँकेला जपानी माणसाचं वावडं नव्हतं. परकीय चलन कायदाही, म्हणजे फेमा, नागरिकत्वापेक्षा वास्तव्याकडे पाहतो. नोकरीसाठी आलेला आणि आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त राहिलेला परदेशी माणूस त्या कायद्याच्या लेखी भारतातला रहिवासीच असतो, रुपयातलं साधं बचत खातं ठेवू शकतो. जावईबापू या व्याख्येत बसत होते. अडचण होती ती तारखांची. पण ‘परदेशी म्हणून नाही म्हणाले’ हे घरातल्यांच्या मनाला लागलं होतं, माझ्या मित्राला सर्वांत जास्त.

पर्याय आणि त्यांवर झालेला खल

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे मित्राच्या घरी बसलो.

सगळ्यात सोपा दिसणारा मार्ग म्हणजे जपानमधली शिल्लक आणून गाडी रोख घेणं. इथे चार लाख वीस हजार साठले होते. ऑन-रोड किंमत तेरा लाख चाळीस हजार धरली तर नऊ लाख वीस हजार कमी पडत होते. तेव्हा एका येनला सुमारे पंचावन्न पैसे मिळत होते, म्हणजे जवळपास सोळा लाख सत्तर हजार येन आणावे लागले असते. २०२०मध्ये हाच दर सत्तर पैशांच्या आसपास होता. तेव्हा एवढ्याच येनचे पावणेबारा लाखांजवळ रुपये झाले असते. जावईबापूंना हे फार टोचत होतं. मी त्यांना सांगितलं, गेलेल्या दरावरून आजचा निर्णय करू नका, येनचं पुढे काय होईल ते तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही. हे पैसे उद्या येनमध्येच लागणार आहेत का, एवढंच बघा. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आई एकटी आहे तिकडे. तिच्यासाठी ठेवलेत.” हे कारण पक्कं होतं. आईचा खर्च येनमध्येच होणार. तो पैसा रुपयांत आणून गाडीत घालायचा आणि पुन्हा जमवून येन करायचे, यात दोनदा चलन बदलण्याचा तोटा. रोखीचा मार्ग तिथे बंद झाला.

कंपनीने आपल्या नावावर गाडी घेऊन जावईबापूंना वापरायला द्यावी, हा दुसरा विचार. पगारातून भाडं कापलं जातं आणि १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीसाठी करपात्र रक्कम तेव्हा महिन्याला फक्त अठराशे धरली जात होती, त्यामुळे प्राप्तिकरात फायदा दिसत होता. पण महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला रस्ता कर वीस टक्के. व्यक्तीच्या नावावर दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला बारा टक्के. अकरा लाख चाळीस हजारांच्या एक्स-शोरूम किमतीवर हा फरक ९१,२०० रुपयांचा, आणि तो शेवटी भाड्यातूनच वसूल होणार. शिवाय भाडेकरार चार वर्षांचा, नोकरीचा करार त्याआधी संपणारा. मधेच गाडी परत केली तर दंड. पुन्हा तारखाच आडव्या आल्या.

जावईबापूंच्या एकट्याच्या नावावर कर्ज द्यायला त्यांच्या पगाराच्या खात्याची बँक अर्धवट तयार होती. अट अशी की करार संपण्याच्या तीन महिने आधी कर्ज फिटलं पाहिजे. फेब्रुवारी २०२५पासून मोजलं तर तेरा हप्ते. नऊ लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता ७३ हजारांवर जात होता. पगाराच्या जवळजवळ निम्मा. घरभाडं, मूल, जपानला पाठवायचे पैसे हे सगळं धरून तो झेपत नव्हता.

मग माझ्या मित्राने आपला बेत सांगितला, आणि खरी चर्चा तिथे सुरू झाली. “माझ्या पेन्शनवर कर्ज काढतो. गाडी माझ्या नावावर. जावईबापूंना कशाला बँकांच्या पायऱ्या झिजवायला लावायच्या?” शोरूमने त्यात भर घातली होती: ३१ डिसेंबरच्या आत बिल झालं तर २०२४मध्ये बनलेल्या गाडीवर पंचेचाळीस हजारांची सूट. पेन्शनवरचं कर्ज आठ दिवसांत झालं असतं. सगळ्यांचा कल तिकडे झुकला.

मी विरोध केला, आणि मित्राला ते आवडलं नाही. वय सहासष्ट, पेन्शनमधून नवराबायकोची औषधं. जावईबापूंची नोकरी उद्या संपली आणि सगळी जपानला गेली, तर हप्ता पेन्शनमधून जाणार. हप्ते जावयांनी भरायचे, गाडी सासऱ्याची, अपघात झाला तर मालक म्हणून सासऱ्याला नोटीस. लेकही म्हणाली, “काका बरोबर म्हणतात बाबा. तुम्ही प्रेमानं करताय, पण उद्या मला तुमच्याकडे हिशेब मागायची वेळ यायला नको.” मित्र उठून आत गेले. चहा झाल्यावर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, “मग लेकीच्या नावावर का होत नाही?”

हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. जावयांची गाडी म्हणजे जावयांच्या नावावर, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीसुद्धा.

लेक भारताची नागरिक. तिच्या कागदांवर कुठलीच मुदत नाही. नाशिकचं वाहन लायसन्स कॉलेजात असतानाच काढलेलं, अजून चालू. नवीन गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच मिळतो. त्या दिवशी घरात असं लायसन्स असलेली तरुण व्यक्ती ती एकटीच होती. तिची कमजोरी एकच: स्वतंत्र व्यवसाय आणि भारतातलं विवरणपत्र एकाच वर्षाचं, २०२३-२४चं. बँका दोन वर्षांची मागतात. दुसरं जुलै २०२५पर्यंत आलं नसतं. सिबिल तिचंही कोरं.

काय केलं

डिसेंबरची सूट सोडायची, हा पहिला निर्णय. पंचेचाळीस हजार ही लहान रक्कम नव्हे. पण तिच्यासाठी तीन आठवड्यांत चुकीच्या माणसाच्या नावावर कर्ज उभं राहिलं असतं. शिवाय कागदावर आदल्या वर्षाची गाडी विकताना एक वर्ष जुनी धरली जाते, आणि यांना गाडी लवकर विकावी लागण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त होती. बुकिंग पुढे ढकललं. जानेवारीपासून दोन महिने जावईबापू एका सहकाऱ्याच्या गाडीतून पेट्रोल वाटून घेत सिन्नरला गेले.

लायसन्सचं काम लगेच सुरू केलं. इथे मला एक गोष्ट उशिरा कळली आणि मी हादरलो. परमिट जुलैत संपल्यावरही जावईबापूंनी सासऱ्यांची जुनी गाडी तीन-चार वेळा चालवली होती, एकदा त्र्यंबकला जाऊन आले होते. त्या काळात कुणाला धक्का लागला असता तर विमा कंपनीने हात वर केले असते. मोटार वाहन कायद्यात परदेशी परवानाधारकाला चाचणीतून सूट देण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी जपानी परवान्याचं प्रमाणित भाषांतर वगैरे जमवत बसण्यापेक्षा साधा रस्ता धरला. जानेवारीत लर्निंग, तीस दिवसांनंतर पेठ रोडच्या आरटीओत चाचणी, मार्चच्या सुरुवातीला पक्कं लायसन्स.

बँक निवडताना आम्ही एकाच ठिकाणी गेलो आणि अर्ज देण्याआधी शाखाधिकाऱ्यांना भेटलो. प्रस्ताव असा मांडला: लेक मुख्य कर्जदार आणि गाडीची मालक, जावईबापू सहकर्जदार, म्हणजे त्यांचा पगारही पात्रतेत धरला जाईल. दुसऱ्या विवरणपत्राच्या जागी दोन लाखांची मुदत ठेव लेकीच्या नावावर ठेवून तिच्यावर बँकेचा लिएन, म्हणजे तारणाचा हक्क. कर्ज आठ लाख, साठ महिने. शाखाधिकारी बाईंनी नेमका प्रश्न विचारला: “सर जपानला परत गेले तर?” आम्ही उत्तर तयार ठेवलं होतं. जून २०२६मध्ये, म्हणजे पंधरा हप्त्यांनंतर, बाकी सुमारे सहा लाख तेहतीस हजार असेल. दोन लाखांची ठेव वजा जाता सव्वाचार-साडेचार लाख. गाडी विकून ते आरामात निघतात. परत जावं लागलं तर काय, याचं उत्तर आधी आमच्याकडूनच आल्यामुळे बोलणं सोपं झालं असं मला वाटतं.

त्यानंतरही फाइल महिनाभर अडली, ती सहीवर. पासपोर्टवर जावईबापूंची सही जपानी लिपीत. पॅन कार्ड काढताना कंपनीच्या माणसाने इंग्रजीत सही करायला लावलेली. पासपोर्टवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. बँकेच्या कायदा विभागाला ही दोन माणसं वाटली. जपानमध्ये महत्त्वाच्या कागदांवर नोंदणी केलेला शिक्का उमटवतात. सही एकसारखी असावी लागते ही कल्पनाच जावईबापूंना नवी होती. शेवटी पगाराच्या बँकेकडून सही पडताळणीचं पत्र आणलं आणि सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयाबाहेर पाचशेच्या स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं: दोन्ही सह्या माझ्याच, दोन्ही प्रकारे लिहिलेलं नाव माझंच. हे काम एका दिवसाचं होतं. ते करायला हवं हे कळायला चोवीस दिवस लागले, कारण आक्षेप काय आहे हे आम्हाला कुणी लेखी दिलं नाही आणि आम्हीही तो लेखी मागितला नाही.

मंजुरीबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ आलं. १ ऑक्टोबर २०२४पासून बँकांना असं पत्रक प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर द्यावं लागतं. व्याजदर ९.२ टक्के लिहिला होता, पण सगळा खर्च धरून वार्षिक दर साडेदहा. एवढा फरक कसा, म्हणून खाली पाहिलं तर १९ हजारांचा कर्जसुरक्षा विमा जोडलेला. तो ऐच्छिक असतो. काढायला सांगितला, दर ९.४५वर आला. हप्ता १६,६८४.

त्याच पत्रकात माझ्या दृष्टीने व्याजदराहून महत्त्वाची ओळ होती: मुदतीआधी फेडल्यास पहिली दोन वर्षं बाकी रकमेवर तीन टक्के शुल्क. गाडीकर्ज बहुतेक ठरावीक दराचं असतं, म्हणून असं शुल्क लागतं. इतर कर्जदारांनी ही ओळ वाचली नाही तरी चालून जाईल. या कुटुंबाला मात्र जून २०२६मध्ये कर्ज बंद करावं लागू शकतं, म्हणजे एकोणीस हजार रुपये. आम्ही शाखाधिकाऱ्यांकडे पुन्हा गेलो. बारा हप्त्यांनंतर स्वतःच्या पैशातून फेडल्यास शुल्क नाही, असं त्यांनी वरून मंजूर करून आणलं आणि मंजुरीपत्रात छापून दिलं. तोंडी कबुलीवर मी सही करू दिली नसती.

शोरूमच्या कोटेशनमध्ये विमा ५२ हजारांचा आणि ‘हँडलिंग’चे नऊ हजार होते. विमा बाहेरून घेतला, त्याच प्रकारचा, झिरो डेप्रिसिएशनसह (म्हणजे दाव्यात भागांची घट न कापणारा) ३७,४०० रुपयांत. त्यात तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा, हजार ते पंधराशे सीसीच्या नव्या गाडीला त्याचा मूळ हप्ता १०,६४० आणि वर जीएसटी. हँडलिंगचे पैसे देणार नाही म्हटल्यावर त्यांनी ते काढले. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घ्यायचा प्राप्तिकर, कापला जातो, तो ११,४०० रुपये लेकीच्या पॅनवरच पडेल हे बिलावर तपासून घेतलं. विवरणपत्र भरताना तो तिलाच मिळणार होता.

शेवटचा हिशेब: एक्स-शोरूम ११,४०,०००, रस्ता कर १,३६,८००, टीसीएस ११,४००, विमा ३७,४००, पासिंग, बोजा नोंद, फास्टॅग वगैरे ४,४००. एकूण तेरा लाख तीस हजार. कर्ज वजा जाता पाच लाख तीस हजार रोख आणि ठेवीचे दोन लाख. इथली बचत संपवून तीन लाख दहा हजार कमी पडले, त्यासाठी साडेपाच लाखांच्या आसपास येन आणावे लागले. सोळा लाख सत्तर हजार येनच्या जागी हे साडेपाच. आईच्या नावाने ठेवलेले बाकीचे पैसे शाबूत राहिले.

निष्पत्ती

३० मार्च २०२५, गुढीपाडवा. पासिंग आधीच झालं होतं, गाडी त्या दिवशी घरी आणली. नवश्या गणपतीला नेली. चाकाखाली लिंबं ठेवायचं काम जावईबापूंकडे होतं आणि ते त्यांनी फार मनापासून केलं. गाडीच्या नोंदणी पुस्तकात मालक म्हणून लेकीचं नाव आहे हे मित्रांनी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं.

हप्ते वेळेवर जात आहेत. शरद ऋतूत लेकीचा पहिला सिबिल स्कोअर उमटला, सातशेच्या वर. जावईबापू सहकर्जदार असल्याने त्यांचाही इतिहास तयार होतो आहे.

२२ सप्टेंबर २०२५ला छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी उपकरासह एकोणतीस टक्क्यांवरून अठरावर आला. तीच गाडी तेव्हा घेतली असती तर एक्स-शोरूम किंमत सत्त्याण्णव हजारांच्या आसपास कमी पडली असती. मित्रांनी मला फोन करून विचारलं, आपली चूक झाली का? मार्चमध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि सहा महिने सिन्नरचं जाणंयेणं कसं झालं असतं? ही चूक मी मोजत नाही.

आज पुन्हा करायचं झालं तर

चुका ज्या मोजतो त्या वेगळ्या. बुकिंगच्या आधी कागदांवरच्या तारखांची यादी करायला हवी होती. ते काम अर्ध्या तासाचं होतं आणि त्याने चार चौकश्या व दोन महिने वाचले असते. परमिट संपल्यावर गाडी चालवली का, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. मी कर्जाच्या नजरेने फाइल पाहिली आणि गाडी आत्ता कोण चालवतंय, हा प्रश्न नजरेतून निसटला. सह्यांचं प्रतिज्ञापत्र अर्जाबरोबरच जोडता आलं असतं.

सगळ्यात मोठी गोष्ट मला नंतर लक्षात आली. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी व्यक्तीला, लग्नाची नोंदणी होऊन संसाराची सलग दोन वर्षं झाली असतील तर, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. ते नागरिकत्व नव्हे, त्यामुळे जपानी पासपोर्ट सोडावा लागत नाही. पण व्हिसाची दरवर्षीची मुदत कायमची जाते. जावईबापू २०२३मध्ये इथे उतरले तेव्हाच या अर्जाला पात्र होते. नोकरीचा व्हिसा कंपनीने काढून दिला, म्हणून कुणी पुढचा विचार केला नाही. ते कार्ड हातात असतं तर वहीतल्या यादीत कर्जाला आडवी येणारी फक्त नोकरीच्या कराराची तारीख उरली असती, आणि नोकरीचे करार तर इथल्या मुलांचेही असतात.

जपानमधल्या विवाहनोंदीची कागदपत्रं रीतसर प्रमाणित करून मागवली आणि ऑगस्ट २०२५मध्ये अर्ज भरला. पडताळणी चालू आहे. मार्च २०२६ला बारावा हप्ता जाईल. त्यानंतर कर्ज ठेवायचं की फेडायचं, हे ठरवायला आम्ही पुन्हा मित्राच्या घरी बसणार आहोत. नोकरीचा करार वाढला की नाही, हेही तोवर कळेल. जावईबापूंनी मला आत्ताच विचारून ठेवलं आहे, कर्ज फिटल्यावर बोजा उतरवायला फॉर्म ३५वर सही कुणाची लागते. मालक म्हणून लेकीची आणि बँकेची, असं सांगितल्यावर ते म्हणाले, बरं झालं, माझी नाही.